वसुधाताईंनी उभी केलेली कबर

वसुधाताई कुठल्याही भिंतीबद्दल बोलण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करायच्या आणि कान लावायच्या. दोह्यात मुशैरिब भागातल्या बांधकामावर मी नवा होतो, तेव्हा मला याचं हसू यायचं. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता, सगळीकडे ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, आटपा’ चाललेलं, आणि या नाशिकच्या दगडतज्ज्ञ बाई भर उन्हात भिंतीला कान लावून उभ्या. दगड पोकळ वाजला की म्हणायच्या, “आज आपण उतरवू. नाहीतर उद्या तो कुणाच्या तरी डोक्यावर उतरेल.” आणि खरोखर उतरवायला लावायच्या.

आमचे मॅनेजर डेव्हिड इंग्लंडमधल्या एका खेड्यातले. तिथल्या चर्चच्या आवारात दगडी पेटीसारखी एक फार जुनी कबर होती. दगड एकमेकांना जोडणारे आतले लोखंडी आकडे गंजून फुगले होते, बाजूचे दगड तडकत होते. त्या घराण्यात कुणी उरलं नव्हतं. ती कोसळू नये म्हणून गावाच्या समितीनं कबर मोडून नुसती वरची शिळा जमिनीवर ठेवायचं जवळजवळ ठरवलं होतं. डेव्हिडनी फोटो दाखवताना हे ताईंना सांगितलं.

ताईंनी त्या वर्षीची रजा नाशिकऐवजी त्या खेड्यात काढली. आईची भेट चुकू नये म्हणून तिलाही बरोबर नेलं. नव्या इमारतींवर काम करणाऱ्या परक्या बाईला आमच्या कबरीतलं काय कळणार, असं समितीत काहींना वाटत होतं. ताई वाद घालत बसल्या नाहीत. सगळ्यांना आवारात नेऊन त्यांनी एकेकाला दगड वाजवायला लावले. बहुतेक दगड धड होते, ते ज्याच्या त्याच्या कानांनीच सांगितलं. मोडणं टळलं.

पुढच्या वर्षीची रजाही आईसह तिथेच गेली. तिथल्या गवंड्याबरोबर ताईंनी कबर उतरवली, न गंजणारे आकडे बसवले आणि तेच दगड चुन्यात पुन्हा उभे केले. आईनं विचारलं, “कुणाची गं ही?”

“आता आपलीच म्हण.”

आई बाकावरून उठली आणि तिनं दोन रानफुलं वाहिली.

स्पर्धेच्या थोडं आधी ताईंचा करार संपला. दोह्यातच अबू हमूर भागात आमच्या घरी निरोपाचं जेवण होतं. सिमेंट वापरलं असतं तर कबर जास्त टिकली नसती का, असं मी विचारलं.

“सिमेंट स्वतः टिकतं आणि दगड फोडतं,” ताई म्हणाल्या. “चुना दगडाआधी स्वतः झिजतो. आणि पुढे कुणाला ती दुरुस्त करावीशी वाटली, तर त्याला उघडता यायला नको? आपलं काम पुढच्याच्या हाताला अडवणारं नसावं.”

तेव्हापासून कुठलीही भिंत बंद करताना मी ती उघडायची जागा ठेवत आलोय.