सतरा हात रोवणा

आमच्या कामठ्याकडच्या शेतावरून आकाशात जे दिसलं ते काय होतं, हे मला ठाऊक नाही. ते किती वेळ दिसलं, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. अकरा मिनिटं. सरकारी कागदावर 'क्षणभर' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे. हे लिहितानाही डोकं तापतं, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर.

राज्यं बदलण्याआधीची ही गोष्ट; तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, जिल्हा भंडारा. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. दुपारचे तीन वाजले असतील. नऊ बाया पाण्याने भरलेल्या बांधीत, धानाच्या खाचरात, वाकून धानाचे परे, कोवळी रोपं, चिखलात रोवत मागे मागे सरकत होत्या. मी कडेच्या मातीच्या बांधावर, धुऱ्यावर, होतो. वाटेने जाणारे पोस्टमास्तर आणि शाळेचे हेडमास्तर सायकली टेकवून माझ्याशी बोलत उभे होते. तेवढ्यात बायांपैकी कोणीतरी ओरडलं, "मायबाई, ते का होय वो?"

उत्तरेला, आमच्या लहान तळ्याच्या, बोडीच्या, पाण्यावर उंच, एक वस्तू उभी होती. ढग तिच्या मागून सरकत होते, ती जागची हलत नव्हती. ओल्या पत्र्याच्या रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती. आवाज अजिबात नाही. लढाईच्या काळात बिरसीच्या धावपट्टीवर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जात. विमान कसं दिसतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको. हे विमान नव्हतं. शेवटी ती वस्तू एका अंगावर कलली आणि वाऱ्याच्या उलट, नागरा गावाच्या दिशेने, पाहता पाहता दिसेनाशी झाली.

लगेच आम्हा तिघांचा वाद सुरू झाला. पोस्टमास्तर म्हणाले अर्धं मिनिट. हेडमास्तर म्हणाले, पाव तास तरी नक्की. मला दोन मिनिटं वाटली. तिघेही शिकलेले, आणि घड्याळाकडे एकानेही पाहिलं नव्हतं.

ओळीच्या टोकाला एक वयस्कर बाई होती. तिच्या हाताच्या चालीवर बाकीच्या आठजणी हात चालवत. ती कंबर सरळ करून म्हणाली, "भाऊ, भांडून कायले रायले? खूण ठेवली हाय ना."

ती वस्तू दिसली तेव्हा तिने हातातली पऱ्यांची पेंडी तशीच धुऱ्याच्या कडेला चिखलात उभी खोचली होती. वस्तू गेली तेव्हा दुसरी. मधल्या वेळात तिने कोणाचा हात थांबू दिला नव्हता.

"काऊन ठेवली?" मी विचारलं.

"तुमी इच्चारानच म्हणून. तुमी तं चिमणी बसली तरी किती वेळ बसली ते इच्चारता."

बाया खदखदून हसल्या. मीही हसलो. मग दोन पेंड्यांमधलं अंतर हाताने मोजलं. सतरा हात. दुसऱ्या दिवशी त्याच नऊ बाया, तसाच चिखल, आणि माझ्या हातात घड्याळ. सतरा हात रोवायला किती वेळ लागतो ते तीनदा पाहिलं. साडेदहा मिनिटं, अकरा, सव्वाअकरा. यापेक्षा चोख साक्ष कोणती असते?

पोस्टमास्तरांनी वर पत्र लिहिलं आणि आठेक दिवसांनी जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. शाळेत खुर्च्या मांडल्या. नऊही बाया काम सोडून, धुतलेली लुगडी नेसून आल्या आणि व्हरांड्याखाली उभ्या राहिल्या. साहेबांनी आम्हा तिघांचे जबाब घेतले आणि लेखणीला टोपण लावलं.

मी म्हटलं, "साहेब, बायांचे राहिले."

"मजदूरनियों का बयान क्या लेना? आप तीन प्रतिष्ठित आदमी काफ़ी हैं।"

"वेळ त्यांनीच मोजला. अकरा मिनिटं."

"घड़ी देखी थी?"

मी पेंड्यांचं, सतरा हातांचं, सगळं सांगितलं. साहेब हसले. त्याचं मला काही वाटलं नसतं. पण ज्यांनी माझ्या शेजारी उभं राहून ती वस्तू पाहिली होती ते हेडमास्तरही हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे अशी चिखलातली घडी चालते, साहेब!" पोस्टमास्तर चहा ओतत होते. साहेबांनी 'क्षणभर' लिहिलं, कागद माझ्यापुढे सरकवला, आणि मी सही केली. कोणी धमकावलं नव्हतं. कोणी हात धरला नव्हता. प्रतिष्ठित म्हटलेलं गोड लागलं, एवढंच.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. क्षणभरच दिसली म्हणजे उल्का; प्रकरण बंद. माझ्याच सहीने बंद. गोंदियाच्या बाजारात त्या बायांना लोक विचारू लागले, "क्यों बाई, रोवणा करते-करते तारा गिना क्या?" आम्हा तिघांना कोणी काही विचारलं नाही. लोकांच्या लेखी आम्ही उल्का पाहिली होती; खोटं बोलल्या त्या बाया.

पुढच्या वर्षी ती बाई आमच्या रोवण्याला आली नाही. मी तिच्या दारी गेलो.

"अकरा मिनटं तुमीच सांगतली होती ना, भाऊ? मंग क्षणभर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"तं तसं लिवा. पयले तुमचं खोटं लिवा, मंग आमचं खरं."

तिच्या अंगणात बसून लिहिलं. मी 'क्षणभर'खाली सही केली ती ते खोटं आहे हे जाणून केली, हे पहिलं वाक्य. मग पेंड्या, हात, मिनिटं. नऊजणींना मोठ्याने वाचून दाखवलं आणि नऊ अंगठे घेतले. कागद कचेरीत नेला. तिथल्या बाबूने पहिली ओळ वाचून परत केला. बंद प्रकरणाच्या फायलीला नवा कागद लागत नाही म्हणे. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा आवाज चढवला, तर शिपायाने दार दाखवलं.

परत येऊन तिला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

"लागला का कागद?"

"नाही."

"मंग मी तुमच्या बांधीत येत नाई," ती म्हणाली. "तुमी तं रागावून रायले, पण नाव आमचंच गेलं."

त्या वर्षी तिच्याबरोबर बाकीच्या आठजणीही दुसऱ्याच्या बांधीत उतरल्या. आमचा रोवणा नऊ दिवस उशिरा झाला, आणि त्याबद्दल त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नव्हता.