खिशातलं मशीन

बाळकृष्ण चिंदरकर माणूस चांगला आहे असं म्हणणारे इथे गल्फमध्ये, वादी कबीरमध्ये, दोन-चार जण सापडतील, पण त्यातल्या एकानेही त्याच्याबरोबर काम केलेलं नसेल. काम केलेल्यांना विचारा! चहा गार म्हणून शिवी, लाकूड ओलं म्हणून शिवी, आणि चहा गरम, लाकूड सुकं असलं तर आज सगळं नीट कसं काय म्हणून संशय. मालवणकडचा माणूस. अर्बाब सालेमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं काढलेली. अर्बाब म्हणजे मालक, व्हिसा देणारा आणि काढून घेणारा.

वर्कशॉपमध्ये नक्षी कोरायचं एक मोठं मशीन होतं. कॉम्प्युटरवर चित्र द्यायचं, की मशीन दरवाजावर वेलबुट्टी कोरून देणार. भुशाने त्या कॉम्प्युटरचा जीव घेतला तेव्हा कंपनीच्या माणसाने नवं सगळं घ्या म्हणून सांगितलं होतं. बाळकृष्णाने कुठूनशी कॉम्प्युटर चालवणारी एक फुकटची सिस्टम मिळवली, जगात कुणीही उतरवून घ्यावी अशी खुली. ती पेन ड्राइव्हमध्ये भरली, पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि मशीन सुरू. अर्बाबने तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

आता दुसऱ्या कुणी ती सिस्टम एकदाच डिस्कवर बसवून टाकली असती. दोन कपबशा धुवायला लागतील तेवढ्या वेळाचं काम. पण बाळकृष्णाने बसवली नाही. सकाळी पेन ड्राइव्ह लावायचा, संध्याकाळी काढून खिशात. जेवायला गेला तरी खिशात. गावी गेला की मशीनही त्याच्याबरोबर गावी! महिनाभर दरवाजे तसेच पडून. गल्फमधली जुनी रीतच ती, प्रत्येकजण काहीतरी एक आपल्या हाताखाली दाबून ठेवतो. कुणी गिऱ्हाइकाचा नंबर, कुणी रंगाचं मिश्रण. आपल्यावाचून अडलं पाहिजे, नाहीतर उद्या कोण विचारतो? या रीतीचं बाळकृष्णाला काडीचंही वाईट वाटत नव्हतं.

मग आला धनंजय. सांगलीचा, इंजिनियर, वय तिशीचं, शर्टाला कडक इस्त्री. अर्बाबने त्याला मॅनेजर केला. आल्या आल्या त्याने मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे पेन ड्राइव्हवर का चालतं?"

"चालता म्हणून चालता," बाळकृष्ण म्हणाला.

त्या दिवसापासून दोघांचं जे बिनसलं ते बिनसलंच. धनंजय त्याला बाळूकाका म्हणायचा, आणि त्या 'काका'त असं काही मिरची-मीठ भरायचा की बाळकृष्णाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाळकृष्ण त्याला तोंडावर साहेब म्हणायचा आणि पाठीमागे बोका. बोका केबिनमध्ये एसीत बसतो, बोक्याला सागवान आणि आंबा यातला फरक कळत नाही, बोक्याच्या तोंडार शिरा पडो.

यंदा बाळकृष्णाचा व्हिसा संपत आला आणि धनंजयने त्याला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाला नाही.

"बाळूकाका, सिस्टम डिस्कवर टाका. तुमच्या हाताने. गुरुवारी अर्बाब येतायत, त्यांच्यासमोर चालवून दाखवायची. मग व्हिसाचं बघू."

"आणि नाय टाकली तर?"

"तर विमानतळ अझैबाच्या पलीकडेच आहे, लांब नाही."

बाळकृष्ण दातओठ खात बाहेर आला. खरं सांगायचं तर त्याला गाव नको होतं. रखमाबाई त्याची बायको. पण लग्नाला एवढी वर्षं होऊन दोघांनी एका घरात सलग दोन महिनेही काढलेले नव्हते. ती आपल्या राज्यात सुखी होती. सुट्टीत हा गेला की ती याची पिशवी कुठे ठेवायची म्हणून घरभर बघायची, एखादा पाहुणा आल्यासारखी. तिथे जाऊन करायचं काय? ओटीवर बसून लोकांची मोजदाद? इथे निदान मशीन त्याच्यावाचून हलत नव्हतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "व्हिसा झालो काय?"

"होतलो. एका बोक्याची जिरवूची आसा आधी."

"कोणाची जिरवू नुको. गप काम कर."

"तू माका शिकवू नुको गो!" म्हणून त्याने फोन आपटला.

पण डोक्यात गणित सुरू झालं होतं. सिस्टम द्यायची. सिस्टमला कोण विचारतो, ती तर फुकटचीच. खरी मेख होती मापांच्या फाइलमध्ये. चित्रातलं एवढं अंतर म्हणजे मशीनने किती सरकायचं, ते त्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती मापं त्याने कितीतरी फळ्या नासवून बसवली होती. त्यातला एक आकडा किंचित बदलून ठेवला, तर मशीन छान आवाज करील, छान कोरील, आणि कमान शेवटी जुळायची नाही. मग बोका येईल काका काका करत.

बुधवारी धनंजय खुर्ची ओढून शेजारीच बसला. बाळकृष्णाने पेन ड्राइव्ह लावला, सिस्टम बसवायचं चिन्ह दाबलं. भाषा विचारली, कीबोर्ड विचारला. डिस्कवरचं सगळं पुसायचं का, असं विचारलं, तेव्हा त्याने धनंजयकडे बघितलं.

"पुसा की," धनंजय म्हणाला. "त्यावर आहेच काय?"

पट्टी हळूहळू भरत गेली. शेवटी पेन ड्राइव्ह काढायला सांगणारी ओळ आली. बाळकृष्णाने तो काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि पेन ड्राइव्हशिवाय मशीनचा पडदा उजळला. त्याने मापांची फाइल चढवली. बदललेली. धनंजय मान हलवून निघून गेला. बाळकृष्णाला वाटलं, जिंकली!

गुरुवारी अर्बाब आला. पांढरी पायघोळ दिशदाशा, हातात काठी, सगळ्यांना सलाम. बौशरमध्ये त्याच्या मुलीचं नवं घर होत होतं, त्याच्या दरवाजाची पहिली फळी मशीनवर चढली. मशीन गुणगुणत चाललं. भुसा उडाला, वेल उमटली, पानं उमटली. कमानीची दोन टोकं वरती भेटायला निघाली आणि भेटलीच नाहीत. बोटभर फट राहिली.

बाळकृष्ण पुढे झाला. हे वाक्य त्याने आंघोळ करताना घोकलं होतं. "अर्बाब, मशीन पुराना है. मेरा हाथ मांगता है."

"थांबा काका," धनंजय म्हणाला. त्याने खिशातून दुसरा पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला आणि त्यावरून मशीन सुरू केलं. नवी फळी चढली. या वेळी कमान अशी जुळली की जोड कुठे ते बोटाने चाचपूनही कळेना. कामगार बघत होते, पण हसलं कुणी नाही.

"तुमचीच सिस्टम आहे. तुमचीच मापं," धनंजय म्हणाला. "जूनमध्ये उष्म्याने मशीनपाशी कोसळला होतात ना? अर्बाबनी स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं तुम्हाला. पेन ड्राइव्ह मशीनलाच राहिला होता. मी त्याच दुपारी कॉपी करून घेतला."

"चोर मेलो!" बाळकृष्ण ओरडला. "मग माझ्या हातान कित्याक करून घेतलंस? माझी मजा बघूक?"

"मला तुम्हाला तेव्हाच घालवायचं होतं," धनंजयने सरळ सांगितलं. "अर्बाब नको म्हणाले. म्हणाले, त्याच्याकडे माग. त्याने खरं दिलं तर दोन वर्षं ठेव."

बाळकृष्णाने अर्बाबकडे बघितलं. अर्बाब ती फट राहिलेली फळी हातात घेऊन उभा होता.

"मैं बोला इसको," अर्बाब म्हणाला, "बाळू देगा. बाळू मेरा आदमी है."

त्याने फळी खाली ठेवली, हात झटकले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाळकृष्णाने उलट चार शब्द सुनावले असते, ओठावर आलेच होते. पण अर्बाब "खलास" एवढंच म्हणून गाडीकडे चालू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाळकृष्णाला कुणाचाच राग येईना. त्याला नुसती लाज वाटली.