उसातले सात किलोमीटर

भारत ड्रायव्हिंग सीटवर बसला की आधी कंबर सावरायचा, मग चावी फिरवायचा. वय सत्तावन्न. भीमेकाठच्या वाड्यांवरून कामगार बायका गोळा करायच्या आणि एमआयडीसीत पोचवायच्या, यातच एकवीस वर्षं गेली. हायवेआधीचे सात किलोमीटर म्हणजे दोन्ही अंगांना ऊस, मधे एका गाडीपुरतं डांबर आणि दर दोन शेतांमागं एक आंधळं वळण. तिथं भारतची मिनीबस पंचविसाच्या वर कधी गेली नाही.

"मामा, बैलगाडी बरी की," पुढच्या सीटवरची धुरपदा वैतागायची. उशीर झाला की सुपरवायझर तिलाच बोलायचा. भारत ऐकून घ्यायचा. उत्तरं देऊन देऊन तो थकला होता.

माघातल्या एका सकाळी मागून सतीश मोटारसायकलवर हॉर्न वाजवत आला. गावातल्या गिताबाईचा एकुलता एक पोरगा, पहिल्या शिफ्टला निघालेला. वळणापलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, म्हणून भारतनं खिडकीतून हात काढून त्याला थांबायची खूण केली. सतीश साइडपट्टीवरून पुढं निघून गेला. वळणावर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या. त्याचा उजवा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली गेला.

ट्रॅक्टरवाल्यानं आणि भारतनं मिळून त्याला मागच्या सीटवर आडवं केलं. धुरपदानं आपल्या स्कार्फनं मांडी करकचून बांधली. ट्रॅक्टर तोडलेल्या फडात घातला, वाट मोकळी झाली.

"मामा, दाबा आता!" बायका ओरडायला लागल्या.

काटा पंचविसावरच राहिला.

"अवो, जीव चाललाय त्याचा!" धुरपदा रडत म्हणाली.

"मागं तुम्ही सतरा जणी हाय," भारत म्हणाला. "आन् पुढून कोण यील, मला दिसत न्हाई."

दोनदा पाय दाबला गेला, दोनदा त्यानं उचलला. मागून सतीशचं कण्हणं ऐकू येत होतं. सात किलोमीटर सरता सरेनात. हायवे लागला तशी त्यानं गाडी सुसाट सोडली ती थेट शिरूरच्या दवाखान्यापाशी थांबवली.

सतीश जगला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हाडाचा चुरा जागेवरच झाला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण गिताबाई गावभर म्हणत राहिली, "भारतभावजींनी गाडी पळवली असती तर माझ्या लेकराचा पाय ऱ्हायला असता."

महिन्याभरानं भारत त्यांच्या घरी गेला. गिताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि तोंड फिरवलं. खाटेवरून सतीशच म्हणाला, "मामा, तुम्ही हात केलेला मी बघितला हुता."

भारतनं दोन घोट पाणी घेतलं. भारत निघाला तशी गिताबाई दारापर्यंत आली.

"मला बी कळतंय, भावजी," ती हळू म्हणाली. "पर कुणाच्या तरी नावानं बोटं मोडल्याबिगर दिस सरत न्हाई."

"मोडा, वहिनी," भारत म्हणाला.

बाहेर मिनीबस उभी होती. दुसऱ्या शिफ्टच्या बायका वाट बघत असतील. तो पायरीवर जरा टेकला, दम खाल्ला, आणि मग उठला.