डिकीतली स्टेपनी

माझे सासरे बसच्या डेपोत टायर विभागात चौतीस वर्षं होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण मनाने ते अजून तिथेच आहेत. माणसाचं तोंड ते नंतर बघतात, आधी त्याच्या गाडीची चाकं बघतात. मला बघायला आले होते तेव्हा घरात शिरण्याआधी त्यांनी माझ्या मोटारसायकलला एक प्रदक्षिणा घातली आणि चहा पिता पिता माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पुढचं टायर मात्र गुळगुळीत झालंय. लक्ष नाही." लग्नाला बारा वर्षं झाली. 'लक्ष नाही' हा शेरा अजून खोडला गेलेला नाही.

सासूबाई गेल्या आणि ते घरात एकटे पडले, तेव्हा हिने हट्टाने त्यांना सहा महिन्यांसाठी आमच्याकडे परदेशात आणलं. आल्या आल्या त्यांनी कामाला हात घातला. पहिल्या आठवड्यात घरातले सगळे नळ असे आवळले की तोंड धुवायला मला पाना लागायचा. दुसऱ्या आठवड्यात दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तेव्हापासून आमच्या घरात कोण कधी मागे येऊन उभं राहील याचा नेम राहिला नाही. तिसऱ्या आठवड्यात काम संपलं. भांडी मशीन घासतं, केर मशीन काढतं, आणि आम्ही दोघं सकाळी आठला जे जातो ते संध्याकाळी सहाला उगवतो. मग ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या तपासू लागले. "पांढरी गाडी, मागचं डावं, हवा कमी," असा अहवाल मला रोज ऐकायला मिळे. एकदा तर त्यांनी खाली जाऊन शेजारच्या बाईंच्या गाडीच्या चाकाला लाथ मारून दाखवली. हवा कमी आहे एवढंच त्यांना सांगायचं होतं. बाईंना वाटलं, हा माणूस गाडीवर राग काढतोय. मला जाऊन माफी मागावी लागली. हवा खरंच कमी होती, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी जेवताना ते म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून घ्या, जावईबापू. पुढच्या आठवड्यात निघतो म्हणतो."

हिचा घास हातातच राहिला. "का बाबा? काय कमी पडलं?"

"कमी काही नाही गं. पण मी इथे कोण? स्टेपनी. डिकीत पडून राहायचं. तुमची चारही चाकं छान चाललीत. मग मी इथे काय आणि तिथे काय."

ही ताटावरून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ सोडायलाही तिला दोन्ही हात लावावे लागले. मी मागोमाग गेलो तर म्हणाली, "काहीही कर, पण त्यांना थांबव. आई गेल्यापासून ते घर त्यांना खायला उठतं. सांगत नाहीत, पण मला कळतं." मी हो म्हटलं. सासऱ्यांपुढे माझं काही चालत असतं तर नळ सैल नसते का झाले?

शनिवारी आम्ही दोघं तिकिटाच्या कचेरीकडे निघालो. तारीख घरबसल्या फोनवरही बदलता आली असती. पण "समोर माणूस बसलेला असला की चुकलं तर त्याला धरता येतं," हे त्यांचं म्हणणं. कचेरी एकला बंद होते, ती थेट सोमवारी उघडते. साडेअकराला गाडी काढली. दुसऱ्याच चौकात त्यांनी मान तिरकी केली.

"मागचं उजवं गेलं."

"नाही हो बाबा, रस्ता खराब आहे."

रस्ता लोण्यासारखा होता. मी मुकाट्याने गाडी कडेला घेतली. मागचं उजवं चाक जमिनीवर बसलं होतं आणि त्यात एक स्क्रू डोक्यापर्यंत रुतला होता.

सासरे एकदम खुलले. पाच आठवड्यांत मी त्यांना इतक्या चपळाईने हलताना पाहिलं नव्हतं. बाह्या सरसावून ते मागे गेले. "जॅक काढा, पाना काढा, स्टेपनी काढा. दहा मिनिटांचं काम."

"स्टेपनी नाहीये, बाबा."

"घरी ठेवलीत?"

"गाडीबरोबर देतच नाहीत आता. त्याऐवजी हा पंप देतात."

तो मूठभर पंप त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा फुग्यांचा आहे." मग ते रिकाम्या डिकीकडे बघत राहिले. "स्टेपनीशिवाय गाडी विकतात. बरं, ते विकतात. तुम्ही घेता?"

बारा वर्षांपूर्वीच्या शेऱ्याखाली दुसरी ओळ पडली, हे मी समजलो.

फुग्यांच्या पंपाने हवा भरत, थांबत, पुन्हा भरत आम्ही टायरवाल्याकडे पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दुकान म्हणजे एक लांबोडकी शेड. भिंतीला लागून टायरांच्या चळती, मध्ये गाडी उचलायची लिफ्ट, कोपऱ्यात कॉफीचं मशीन आणि त्याच्याशेजारी गिऱ्हाइकांसाठी दोन डुगडुगणाऱ्या खुर्च्या. टायरवाला पन्नाशीचा, अंगाने आडवा आणि बोलायला तुटक. काय झालं ते मी इथल्या भाषेत सांगतोय तोवर सासऱ्यांनी डिकी उघडली, त्याला हाताला धरून तिथे नेलं आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "स्टेपनी?"

टायरवाल्याने आत वाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

स्टेपनी हा साहेबाचा शब्द आहे, जगात कुठेही उच्चारला तरी समजतो, अशी माझीही जन्मभराची समजूत होती. त्या दिवशी ती गेली. सासऱ्यांनी आवाज चढवला, स्वतःच्या छातीवर हात आपटला आणि सुनावलं, "स्टेपनी! चौतीस वर्षं! स्टेपनीशिवाय एक गाडी सोडली नाही डेपोतून!"

टायरवाल्याचा चेहरा उजळला. त्याने फडक्याला हात पुसला, पुढे केला, स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "बसा, मिस्टर स्टेपनी."

मी कपाळाला हात लावला. खुलासा करणार होतो, पण स्टेपनीला इथल्या भाषेत काय म्हणतात ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्याने स्क्रू उपटला, भोकात रबराची वात भरली, साबणाचं पाणी फवारलं. फुगा आला नाही. पाच मिनिटांनी काटा लावून पाहिलं तर हवा उतरलेली. पुन्हा भरली, पुन्हा उतरली. सगळ्या टायरवर साबण फवारून झाला. शेवटी तो म्हणाला, "रबर मेलंय. नवीन टायर घाला." मी ते सासऱ्यांना सांगितलं.

"रबर मेलंय?" ते खुर्चीतून ताडकन उठले. "रबर धडधाकट आहे. त्याला म्हणावं आधी ती मशिनं बंद कर."

हवेचं मशीन बंद झालं. कॉफीचंही झालं. सासऱ्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, डोळे मिटले आणि टायरपासून बोटभर अंतरावर गाल नेऊन चाक हळूहळू फिरवू लागले. टायरवाला कमरेवर हात ठेवून उभा. खुर्चीतलं एक गिऱ्हाईक कप हातात धरून उभं राहिलं. चाक थांबलं. सासऱ्यांनी व्हॉल्व्हची टोपी काढली, बोट तोंडात घातलं आणि बोटावरची थुंकी व्हॉल्व्हच्या तोंडाला लावली. गिऱ्हाइकाने दोन पावलं माघार घेतली. थुंकीचा फुगा झाला, मोत्याएवढा वाढला आणि फट् झाला.

"व्हॉल्व्हची पिन," सासरे म्हणाले. "भोकाच्या मागे लागला आणि टोपीखाली बघायचं राहिलं. लक्ष नाही."

हा शेरा दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. फार बरं वाटलं.

टायरवाला गुडघ्यावर बसला. त्याने स्वतःचं बोट तोंडात घातलं, तसाच प्रयोग केला, आणि त्याचाही फुगा आला. "मिस्टर स्टेपनी!" तो एवढंच म्हणाला.

गाडीत बसलो तेव्हा सव्वा वाजला होता. "कचेरी?" सासऱ्यांनी विचारलं. "आता सोमवारी," मी म्हटलं. मी एकदाही घड्याळाकडे बोट दाखवलं नव्हतं, हे मी हिला नंतर सांगितलं. सासरे घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

सोमवारी सकाळी नऊला टायरवाल्याचा मला फोन. "मिस्टर स्टेपनी आहेत का घरी? एक गाडी तिसऱ्यांदा आलीय, भोक सापडत नाही." मंगळवारी दुसरी गाडी. बुधवारपासून फोन येईनासा झाला, कारण सासरे आमच्याही आधी घराबाहेर पडू लागले. संध्याकाळी कोपरापर्यंत काळे हात घेऊन यायचे आणि स्वयंपाकघरातून ओरडायचे, "कुणी आवळलाय गं हा नळ?"

ही हसायची. मला मात्र एक धाकधूक होती. जेवताना ते सांगायचे, "माणूस चांगला आहे. आपला एकच शब्द शिकलाय, पण काय हौस! मला पाहिलं की ओरडतो, 'स्टेपनी!' मग मीही ओरडतो, 'स्टेपनी!'" त्या शुक्रवारी जेवताना ते काय बोलले होते ते मी विसरलो नव्हतो. तेच आपलं नाव पडलंय हे कळलं, तर त्यांना किती लागेल?

पुढच्या शनिवारी त्यांना आणायला गेलो, तर टायरवाल्याने खुंटीवरून एक नवाकोरा निळा कोट काढला आणि सासऱ्यांना घातला. खिशावर पिवळ्या दोऱ्याने अक्षरं शिवलेली होती. सासऱ्यांनी त्यावरून बोट फिरवलं. इथली लिपी त्यांना येत नाही.

"काय लिहिलंय हो?"

थाप मारावी असं मनात आलं. धीर झाला नाही. "स्टेपनी," मी म्हटलं. "त्याला पहिल्या दिवसापासून वाटतंय, ते तुमचं नाव आहे."

त्यांचं बोट अक्षरांवरच थांबलं. तेवढ्यात टायरवाल्याने मला विचारलं, "तुमच्या भाषेत या नावाचा अर्थ काय?"

मला शब्द अजूनही माहीत नव्हता. जमेल तसं सांगितलं.

"काय विचारत होता?" सासरे.

"नावाचा अर्थ."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, ज्याला बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये, असा माणूस."

त्यांनी चष्मा काढला, नव्या कोटाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मलाही इकडेतिकडे बघावं लागलं.

"जावईबापू, त्या तिकिटाच्या कचेरीत जायचं राहिलं."

मी चाचरत विचारलं, "आज जायचं?"

"आज कसं जमेल? दोन गाड्या उभ्या आहेत." त्यांनी चष्मा घातला आणि बाह्या सरसावल्या. "तुम्हीच जाऊन या. तारीख पुढे ढकलता येते का, तेवढं विचारा."