रत्नाक्कांची वाकडी ओळ

"जयभीम गुरुजी... आई गेली." रत्नाक्कांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी चपला घालून दारातच उभा होतो. त्यांच्याकडेच निघालो होतो, म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. त्याआधीही कितीदा निघालो आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. आता महिना होऊन गेला, पण एका जागी बूड टेकत नाही. वाचायला बसतो, उठतो, समाजमंदिरापर्यंत जातो, भिंतीकडे बघतो आणि परत येतो.

रत्नाक्का कन्नड-मराठी सीमेवरच्या भालकी तालुक्यातल्या आमच्या गावच्या नर्सबाई. कन्नड, मराठी, दखनी, ज्याला जी कळेल ती त्यांची भाषा. त्यांची एक खोड होती. काहीही समजावून झालं की समोरच्याला म्हणायच्या, आता तू मला सांग. म्हातारा असो की नवी सून, सांगितल्याशिवाय सुटका नाही. कोरोनात 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोचला. कुणाची काढ्यात, कुणाची मोबाईलवर दाखवलेल्या गोळीत. माझी इम्युनिटी दणकट हाय, मला लस कामून, असं विचारणाऱ्या एका पैलवानाला त्यांनी ओट्यावर बसवलं आणि इम्युनिटी म्हणजे काय ते मला सांग म्हणाल्या. पैलवानानं डोकं खाजवलं आणि गुमान दंड पुढे केला.

मी इथल्याच मराठी शाळेत मास्तर होतो. शुद्ध, भारदस्त मराठीचा मला फार सोस. कोरोनाच्या बऱ्याच आधी, एका वर्षी गावात चावऱ्या कुत्र्यांचा सुळसुळाट झाला. तालुक्याहून आलेलं पत्रक कन्नडमध्ये, आणि आमच्या निम्म्या घरांत वाचतात मराठी. अक्कांनी ते मराठीत करून समाजमंदिराच्या भिंतीवर लिहायचं काम मला दिलं. मी लिहिलं : 'कुत्रा चावल्यास जखम साबणाने धुवावी. त्वरित लस घ्यावी. लसीमुळे शरीरात रोगप्रतिकारक शक्ती निर्माण होते.' पहिल्या सुईनंतर पुन्हा कितव्या कितव्या दिवशी यायचं, त्या तारखा पत्रकात खाली होत्या. त्या मी गाळल्या. भिंत खिडकीपाशी संपत होती, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे एवढ्या डौलदार वाक्याखाली ते आकडे मला शोभेनात.

अक्कांनी उभ्या उभ्या वाचलं. लई भारी झालंय म्हणाल्या, आणि लगेच, "आता मला सांगा गुरुजी, म्हंजे काय?" मला असा राग आला! आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि आता माझीच परीक्षा? त्या शांतपणे म्हणाल्या, "पाढा एकदा म्हणून पोरांच्या पाठ व्हतो का? अंगाचं बी तसंच हाय. तारखा लिवा." लिहितो म्हणालो. आज, उद्या... सहामाही परीक्षा आली आणि राहूनच गेलं.

तेवढ्यात सविताच्या पूजाला कुत्रं चावलं. सात वर्षांची पोर, पोटरीत दात रुतलेले. सविता शेतात राबणारी, पण लिहायवाचायला येणारी बाई. भिंतीवर वाचल्याप्रमाणे तिनं जखम धुतली, भालकीला नेऊन सुई टोचून आणली. तिथल्या गर्दीत पुढचं कुणी सांगितलं नाही, आणि ती शक्ती तयार झाली असं समजून पोरीला घेऊन उदगीरला माहेरी गेली. रेबीज एकदा अंगात उठला की माणूस हाती लागत नाही. दुसऱ्या सुईच्या दिवशी अक्कांना घराला कुलूप दिसलं. त्यांनी तशीच उदगीरची बस धरली, विचारत विचारत माहेर शोधलं आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात पोरीला सुई दिली. पुढच्याही त्यांनीच चुकू दिल्या नाहीत. पूजा आज कॉलेजात जाते.

गावी परतल्यावर सविता अक्कांच्या आरोग्य उपकेंद्रात रडत होती. "शक्ती तयार व्हते म्हणून भिंतीवर लिवलंय. गुरुजी लोक चुकीचं लिवतेत व्हय?" मी तिथंच होतो. तोंडातून निघून गेलं, "पत्रकातच तेवढं होतं." पत्रक अक्कांच्या टेबलावर, काचेखाली होतं. अक्कांनी सविताला पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या वळणदार अक्षरांखाली, खिडकीला वळसा घालून गेलेली एक वाकडी ओळ दिसली : 'एका सुईनं भागत न्हाई. चारी घ्या. तारीख चुकवू नका.' भिंत पुरली की! त्यानंतरही अक्का माझ्याशी पहिल्यासारख्याच वागल्या, चहा पाजला, गुरुजी गुरुजी केलं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. मी भेकड माणूस. त्या निवृत्त झाल्या, मीही झालो, आणि चूक माझी होती हे एवढं एक वाक्य माझ्याच्यानं बोलवलं नाही.

गेल्या आठवड्यात समाजमंदिराला चुना द्यायला माणसं आली. मजकूर पुन्हा लिहून द्या म्हणाली. मी म्हटलं, माझं वरचं सगळं पुसा, खालच्या ओळीला हात लावू नका. मग ब्रश घेऊन त्या ओळीपुढे तारखा लिहीत बसलो. शेतातून परतताना सविता थांबली. काय लिवायलात, म्हणून विचारलं.

"तारखा. त्या पत्रकात होत्या सविता. मी गाळल्या होत्या. आणि त्या दिवशी तुझ्यासमोर खोटं बोललो."

"ठावं हाय गुरुजी. अक्कांनी तवाच पत्रक वाचून दाखवलं मला."

"मग इतकी वर्षं बोलली कामून न्हाईस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "अक्का म्हणल्या, तू काई ईचारू नको. गुरुजी येतील, मला सांगतील."