तिसरी फळी

आईच्या घराचा विमा पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला कंपनीचा माणूस मे महिन्यात आला. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, हातात टेप. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं आणि आम्ही तिघं कूलरसमोर बसून पुराबद्दल बोलणार होतो. नागपुरात अशा गोष्टींचं कोणाला काही वाटत नाही.

मी स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून. तीस वर्षं मी पाण्याच्या फाइली सांभाळल्या, पण एकही थेंब कधी माझ्या टेबलावर सांडला नव्हता. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आईच्या लेआउटच्या वस्तीमागचा नाला थेट तिच्या बैठकीच्या खोलीत शिरला, तेव्हा मला ते खात्याच्या शिस्तीत बसणारं वाटलं नाही. पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. रस्ते मोकळे झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर आई खराट्यानं गाळ काढत होती. ती म्हणाली, दुपारी देवळात भजनाला गेले होते, तिथंच अडकले, दाराला फळ्या लावायच्या राहून गेल्या.

या फळ्या म्हणजे बाबांची करामत. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं, त्यानंतर त्यांनी मागचं दार विटांनी बुजवलं आणि पुढच्या दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा वेल्डिंग करून घेतल्या. जुन्या दिवाणाच्या तीन जाड सागवानी फळ्या त्या खाचांत एकावर एक बसवायच्या, मध्ये रबराची पट्टी, की पाणी बाहेरच राहतं. कोणती फळी आधी लावायची ते कळावं म्हणून त्यांनी ऑइलपेंटनं एक, दोन आणि तीन ठिपकेही दिले होते. मग बाबा गेले. ठिपके राहिले.

मला आई तिथं नकोच होती. सत्तरी उलटलेली बाई, एकटी, नाल्याकाठी. माझा फ्लॅट बेसा रोडला तिसऱ्या माळ्यावर, तिच्यासाठी खोलीही तयार. मी दर रविवारी तोच विषय काढायचो आणि ती दर रविवारी मला दुसरं वांगं वाढायची. शेवटी मीच वैतागून म्हटलं, अगं, आता विमा कंपनीसुद्धा हे घर विम्याला घेणार नाही. तिनं लगेच ते धरून ठेवलं. म्हणाली, ठीक आहे, कंपनीनं घर घेतलं तर मी इथंच राहीन, नाही घेतलं तर तुझ्या तिसऱ्या माळ्यावर येईन, तोंडातून शब्द काढणार नाही. शब्द न काढणं अशक्य होतं, पण सौदा मला पटला. कंपनीच्या कडकपणावर माझा पूर्ण विश्वास होता.

तर तो माणूस आला. आईनं त्याला कैरीचं पन्हं दिलं आणि मग घर दाखवायला नेलं. मी मागून चाललो. दिवाळीला तिनं सगळं घर रंगवून घेतलं होतं, फक्त बैठकीच्या एका भिंतीवर हातभर रुंदीचा पट्टा कोराच सोडला होता. त्यावर पुराची तपकिरी रेघ तशीच होती. रंगारी म्हणे दोनदा तो पट्टा रंगवायला गेला आणि दोनदा बोलणी खाऊन परतला. मला वाटलं, संपलं, आता आईनं स्वतःच पुरावा दाखवला. मनातल्या मनात मी तिच्या खोलीला पडदे कोणते लावायचे तेही ठरवून टाकलं.

पण त्या रेघेच्या हिशेबानं तिनं घरभर काय करून ठेवलं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळे स्विचबोर्ड रेघेच्या एक वीत वर. कूलरचा प्लग एक वीत वर. फ्रीज आणि गहू-तांदळाच्या कोठ्या विटांच्या चौथऱ्यावर, तेही एक वीत वर. संडासाच्या पाइपाला तिनं झडप बसवून घेतली होती, कारण पाणी दाराआधी तिथून उलटं येतं हे तिला मागच्या वेळी कळलं होतं, कसं ते तिनं पाहुण्यापुढे सविस्तर सांगितलं. तो पन्हं पिता पिता थांबला. मग त्यानं तिची वीत टेपनं मोजली आणि फॉर्मवर लिहिली. आई हात पसरून उभी होती, चेहऱ्यावर बांगड्या भरायला बसल्यासारखा भाव.

मग फळ्या पाहिल्या. त्यानं एक उचलायचा प्रयत्न केला आणि परत ठेवली. चांगल्या आहेत, म्हणाला. मला सांगू लागला की अशी तयारी असलेलं घर कंपनी आनंदानं घेते, नुकसान कमी होतं, पण पुष्कळ ठिकाणी सामान असतं आणि ऐन वेळी ते बसवणारं कोणी नसतं. अशा घराला ते तयारी नसलेलंच घर समजतात. मग त्यानं पेन उघडलं.

"पाणी वाढलं की फळ्या कोण लावतं?"

"हा लावते," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "माझा मुलगा. इथंच राहते."

ही बाई दूधवाल्याकडून जास्त दूध आलं तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारत जाते. मी तिच्याकडे पाहिलं. ती कूलरकडे पाहत होती.

"तुम्ही इथेच राहता?" त्यानं मला विचारलं.

एवढं सोपं होतं. नाही म्हणायचं, दोन अक्षरं, तीही खरी. संध्याकाळपर्यंत तिची पेटी बांधून झाली असती. मी तोंड उघडलं आणि मला कोऱ्या पट्ट्यावरची ती रेघ दिसली, आणि तिच्या वरच्या विती. पाठीच्या दुखण्यावर शेक घेणारी बाई प्रत्येक बोर्डापाशी हात लावून मिस्त्रीला दाखवत फिरली असणार, इथं, आणि इथं.

"हो," मी म्हणालो.

त्यानं लिहिलं, 'घरात एक सक्षम प्रौढ पुरुष कायम वास्तव्यास', आणि माझी सही घेतली. तो गेल्यावर मी आईवर भयंकर चिडलो. खोटं बोललीस, मलाही बोलायला लावलंस, उद्या काही झालं तर तोंडघशी मी पडणार, सरकारी नोकर आहे मी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पन्ह्याचे ग्लास विसळायला घेतले.

महिन्याभरात पॉलिसी आली. मी सही करून खोटं बोललो आहे, हे माझ्या कारकुनी डोक्याला काही केल्या पचेना. म्हणून जूनमध्ये मी बॅग भरली आणि पावसाळ्याचे चार महिने आईकडे राहायला गेलो, केवळ कागद खरा करण्यासाठी. बायकोनं फॉर्मची झेरॉक्स वाचली. म्हणाली, सक्षम पुरुष म्हणजे तुम्ही का, त्या माणसानं बघून लिहिलं की न बघता? मग तिनं माझ्या बीपीच्या गोळ्या बॅगेत वरच ठेवल्या.

ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळपासून पाऊस लागला. दुपारी जेवण करून मी पेपर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात आई आतून आली, खिडकीतून नाल्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, ऊठ. पाणी रस्त्यावर आलं होतं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. पाटबंधारे खात्यात ते कधी कळलं नव्हतं.

एक ठिपक्याची फळी मी खाचेत टाकली. दोन ठिपक्यांची टाकली. पाणी पायरीवर होतं. तिसरी उचलायला गेलो तर ती जागची हलेना. पावसाळी हवेनं लाकूड फुगलेलं आणि हिला तर छातीपर्यंत उचलून वरून खाचेत सोडायची होती. आईनं दुसरं टोक धरलं, आम्ही दोघांनी मिळून ती कशीबशी वर घेतली, आणि ती खाचेत अडकली तेव्हा मी तिच्यावर पूर्ण भार टाकून लोंबकळलो. मग ती बसली. आई जाऊन संडासाची झडप बघून आली.

आम्ही दाराच्या आत जमिनीवर बसलो. फळ्यांच्या पलीकडे पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. दोन फळ्या पार करून ते तिसरीवर चढलं आणि तिच्या मध्यावर थांबलं. आत फक्त उंबऱ्याशी ओल आली.

मला धाप लागली होती. मी म्हटलं, "माय, तू एकटीनं ही तिसरी कशी उचलत होतीस?"

ती पदरानं हात पुसत होती.

"उचलतच नव्हती," ती म्हणाली. "त्या वक्ती मी भजनाले गेलीच नव्हती गा. घरीच होती. दोन लावल्या. ही उचलेच ना. मंग पलंगावर चढून बसली आन् पाणी येताना पाहत राहिली."

बाहेरून कोणाची तरी प्लास्टिकची बादली फळीला धडकून पुढे गेली.

"काहून नाही सांगितलं मले?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी घेऊन गेला असता." तिनं उंबऱ्याशी आलेली ओल पदरानं टिपली. मग म्हणाली, "त्या कंपनीवाल्याले नव्हती सांगून राहिली मी, तू इथंच राहते म्हणून. तुले सांगून राहिली होती."

मला रडू आलं. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. संध्याकाळी पाणी उतरल्यावर फळ्या काढायच्या होत्या, त्या वेळी वरच्या फळीचं जड टोक तिनं मला धरायला सांगितलं आणि हलकं स्वतः धरलं. सप्टेंबर संपला तेव्हा मी बॅग भरली नाही. बायकोला फोन करून विचारलं, तू इकडे येतेस का.