अण्णांचा छत्तीस

घनसावंगीच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत अण्णा, माझे वडील, माझ्या ट्रंकेवर हात ठेवून उभे होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी चिंचवडला कंपनीत चाललो होतो. जीप हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काम एक नंबर कर. दोन नंबरच्या भानगडीत पडू नको."

त्यांचं बोलणंच आकड्यांचं. फसवा माणूस भेटला की 'चारसोबीस', कामाचा विचका झाला की 'बारा वाजले', लग्नात नको तेवढे पाहुणे आले की 'सतराशे साठ'. आणि धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या काकांचा विषय निघाला की फक्त 'छत्तीस'. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं होतं. घरांची भिंत एकच, पण ३६ मधल्या तीन आणि सहासारखी पाठीला पाठ. काकांचं नाव अण्णांच्या तोंडून त्यानंतर मी ऐकलं नाही.

चिंचवडला आकडे निराळे निघाले. पेजर आले तेव्हा आमच्या शिफ्टची पोरं मैत्रिणींना १४३ पाठवायची. म्हणजे 'आय लव्ह यू'. सुट्टीत हे सांगितलं तर अण्णा पोट धरून हसले. "येवढं बोलायला बी आकडा लागतो का रे?"

मग एकदा आईचा एसटीडीवरून फोन आला. अण्णांना लकवा मारला होता. मी पोहोचलो तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, शब्द जातात, पण कधीकधी तोंडात बसलेले आकडे राहतात. अण्णांना पाणी हवं असलं तरी 'बारा', दुखलं तरी 'बारा'. आम्ही तांब्या पुढे करायचो, मग उशी सरकवायचो, मग चादर काढायचो. ते मान हलवत राहायचे आणि शेवटी दमून डोळे मिटून घ्यायचे.

एका सकाळी त्यांनी डावा हात काकांच्या भिंतीकडे केला. "छत्तीस." पुन्हा, "छत्तीस."

"बघ, अजून राग गेला न्हाई," आई म्हणाली.

मला वाटलं, बोलावून राह्यलेत. मी जाऊन काकांना घेऊन आलो. ते पायाशी बसले. "दादा, आलो बघ मी."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "छत्तीस! छत्तीस!" आवाज चढत गेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे रडतात की चिडतात तेही कळेना.

काका उठले. "मंग जातो मी. त्याला तरास होऊन राह्यला." मी त्यांचा हात धरला, पण काय सांगून थांबवणार? ते गेले. अण्णा दाराकडे बघत तेच म्हणत राहिले, घसा बसेपर्यंत.

रजा संपली, मी ड्युटीवर परतलो. त्याच हिवाळ्यात अण्णा गेले.

आई आता माझ्याकडे असते. गावात राहिलेले लोक विचारतात, इथं तुझं कोण उरलंय? माझ्यासारखे बाहेर पडलेले म्हणतात, घर विकून टाक आणि मोकळा हो. तरी मी दर वर्षी जातो. काका ओट्यावर सरकून जागा देतात. चहा येतो, उसाचं, कापसाचं बोलणं होतं. मी उठायला लागलो की ते हळूच विचारतात, "तू तं होतास तिथं. त्यानं मला बोलावलं व्हतं, का हाकललं व्हतं?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "बोलावलं होतं, काका."

"तुला बराबर माहीत हे?"

मला माहीत नव्हतं. त्यानंतर दर वर्षी मी कपबशा उचलून आत ठेवायला जातो. ते पुन्हा विचारायचं सोडत नाहीत. घर म्हणून माझं आता तेवढंच आहे: ओट्यावर बसलेला एक म्हातारा, जो माझी वाट बघतो, आणि ज्याला द्यायला माझ्याकडे काही नाही.